अंगाला बसलेलं पिस्तूल

झालं काहीच नव्हतं. म्हणजे पोलिसात जाऊन सांगावं असं काही झालं नव्हतं, आणि नेल्डा प्रुइटनं ते कुणाला सांगितलंही नाही. बुधवारी दुपारी साडेचारची वेळ. अमेरिकेतल्या टल्सा शहरात ज्या चष्म्याच्या दुकानात ती बावीस वर्षं लोकांच्या नाकाकानांवर चष्मे बसवत आली होती, त्या दुकानामागच्या पार्किंगमध्ये ती आपल्या गाडीत बसली होती. कोकच्या बाटलीत खारे दाणे ओतून ती हलवत होती; तिचं दुपारचं खाणं हे असलं. तेवढ्यात मागच्या दाराचं हँडल कुणीतरी ओढलं. खट्. दार लॉक होतं. पुन्हा एकदा, जरा जोरात, खट्. तिनं मान वळवली तर काचेपलीकडे एक माणूस. चाळिशीचा असेल, डोक्यावर टोपी. त्यानं तिच्याकडे पाहिलं, दुकान बंद झालंय असं कळल्यावर माणूस मान हलवतो तशी मान हलवली आणि चालू लागला. पळाला नाही, मागे वळून पाहिलं नाही. बस्स, एवढंच. पण नेल्डाच्या हातातली बाटली मांडीवर कलंडली होती, आणि स्कर्ट ओला झालाय हे तिला घरी पोचेपर्यंत कळलं नव्हतं.

त्या माणसाचा चेहरा तिला दुसऱ्याच दिवशी आठवेना. आठवत राहिली ती नखं. हँडलवरची चार नखं, स्वच्छ, नीट कापलेली. आणि त्याहून जास्त आठवत राहिला तो तिचा स्वतःचा हात. हॉर्नकडे गेला नाही, फोनकडे गेला नाही, गाडीच्या किल्लीकडेही गेला नाही मेला. गेला तो सरळ गळ्याकडे. एकसष्ट वर्षांची बाई, नवरा पुरला, मुलगी वाढवली, एकदा वादळात छप्पर उडालं तर ते परत चढवून घेतलं, आणि तिचा हात सिनेमातल्या घाबरट पोरीसारखा गळ्याकडे जातो म्हणजे काय? त्या हाताचा तिला इतका राग आला की रात्रभर तिनं तो उशीखाली दाबून ठेवला. हार्लन असता तर म्हणाला असता, "अगं, गाडी चुकली असेल बिचाऱ्याची." हार्लनचं सगळं नेहमी असंच, बिचारा हा आणि बिचारा तो. नऊ वर्षं झाली त्याला जाऊन. तो गेल्यावर त्याच्या तीन बंदुका तिनं महिन्याभरात विकल्या, कारण कॉरिननं, तिच्या मुलीनं, स्वच्छ सांगितलं होतं. कॉरिन प्राथमिक शाळेत शिकवते. ओरडत नाही, भांडत नाही, वर्गात फळ्यावर लिहिल्यासारखं एकदाच बोलते. "आई, ज्या घरात बंदूक आहे त्या घरी माझं मूल जाणार नाही. ते घर तुझं असलं तरी. मागाहून रडायचं नाही." तेव्हा ऑपल जन्मायचीही होती. आता ऑपल सात वर्षांची होती आणि दर शुक्रवारी संध्याकाळी पाठीला दप्तर नि हातात उशी घेऊन आजीकडे, तिच्या मीमॉकडे, यायची, ती शनिवारी अकरापर्यंत राहायची. त्या तेवढ्या तासांवर नेल्डाचा सगळा आठवडा उभा होता. हे तिला नीट माहीत होतं, आणि तरीही सोमवारी ती ऑर्व्हिल टॅकेटच्या दुकानात गेली.

ऑर्व्हिल हार्लनचा जुना सोबती. पूर्वी विमानाच्या कारखान्यात सुटे भाग घासायचा, आता पिस्तुलं विकायचा आणि लोकांना ती हवी तशी करून द्यायचा. त्यानं तिला का, कशाला, काही विचारलं नाही. "मिस नेल्डा, हात दाखवा," म्हणाला. तिचा पंजा उताणा करून त्यानं अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत अंतर पाहिलं, अंगठ्याच्या सांध्यावरची गाठ दाबून पाहिली. गिऱ्हाइकाच्या नाकाचं हाड ती स्वतः ज्या बोटांनी चाचपते त्याच निर्विकार बोटांनी तो चाचपत होता, आणि तिला बरं वाटलं. कितीतरी दिवसांत तिचं माप कुणी घेतलं नव्हतं.

"लहान घेतलंत तर लाथ मारेल, मोठं घेतलंत तर लपणार नाही," तो म्हणाला. "सगळ्या बायका येतात त्या छोटं, गुलाबी, गोंडस मागतात. दोन गोळ्या झाडल्या की रडत परत आणून देतात."

"मी गुलाबी मागितलं का?"

"नाही ना. म्हणून तर बसायला खुर्ची दिली."

सात पिस्तुलं तिनं हातात घेऊन पाहिली. एकाची मूठ इतकी आखूड की करंगळी खाली लोंबकळे. एकाचा वरचा भाग मागे ओढायलाच तिच्या अंगठ्याला जमेना. दात ओठ खाऊन ओढला तरी अर्ध्यावर अडकला, आणि ऑर्व्हिल तेवढ्यापुरता छताकडे बघत राहिला. सातवं पातळ होतं, काळं, बिनचेहऱ्याचं, आणि त्याचा वरचा भाग लोणी कापावं तसा मागे आला. ते तिनं घेतलं. घरी आणून जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि समोर बसून सूप प्यायली. भीती वाटेल अशी तिची समजूत होती. पण नवं बिऱ्हाडकरू आलं की जसं अवघडल्यासारखं होतं, तेवढंच झालं.

खरा खटाटोप पुढेच होता. पिस्तूल विकत घेणं सोपं. ते अंगावर वागवणं म्हणजे दुसरा संसार. मुठीची खरखर पोटाला घासून तिथे लाल चट्टा उठला, म्हणून ऑर्व्हिलकडून ती एका बाजूनं गुळगुळीत करून घेतली. कमरेला अडकवायचं कव्हर पहिलं चामड्याचं, ते घामानं फुगलं. दुसरं कडक प्लास्टिकचं, ते बसलं की बरगडीत रुते. तिसऱ्याच्या मागे फोमची पाचर चिकटवली तेव्हा कुठे जरा निवांत झालं. पट्टा जाड घ्यावा लागला, पँट्स कमरेत एक माप मोठ्या. अंगाला लागणारे स्वेटर गेले, सैल सदरे आले. वाकायचं नाही, गुडघ्यात बसायचं, नाहीतर सदऱ्यावर ठसा उठतो. दुकानात खाली पडलेला स्क्रू उचलायला ती अशी ताठ पाठीनं बसू लागली की हाताखालची मुलगी म्हणाली, "नेल्डा, व्यायाम सुरू केलास वाटतं?" आणि नेल्डा हसली. सगळ्यात मोठी अडचण डोळ्यांची. तिचा चष्मा वरून लांबचा, खालून जवळचा. पिस्तुलाच्या टोकावरचा केशरी ठिपका नेमका मधल्या धुक्यात जायचा. मग एका दुपारी गिऱ्हाईक नसताना तिनं स्वतःसाठीच एक चष्मा बनवला. उजव्या भिंगाच्या वरच्या भागात हातभर अंतराचा नंबर. जगात तसा चष्मा कुणी वापरत नसेल. तो लावला की रस्त्याच्या पाट्या पुसट दिसायच्या, झाडं पुसट दिसायची, माणसांचे चेहरे पुसट, पण लांब केलेल्या हाताच्या टोकाला जे असेल ते सुईसारखं लख्ख. आरशासमोर उभी राहून रिकामं पिस्तूल काढ, ठेव, काढ, ठेव, असं ती रोज शंभरदा करायची. हात आता गळ्याकडे जात नव्हता. हात शिकला होता. याचं तिला इतकं सुख होत होतं की त्या सुखाचीच कधीकधी धास्ती वाटायची.

शुक्रवारी ऑपल यायच्या आधी ती पिस्तूल पोलादी पेटीत ठेवायची, पेटी कपाटावर, किल्ली गळ्यातल्या साखळीत. तीन शुक्रवार हे नीट चाललं. मग तिच्या मनात आलं, अरे, एकटी असताना एवढा बंदोबस्त, आणि पोर बरोबर असते तेव्हाच आपण उघड्या? तो माणूस शनिवारी येणार नाही असं कुठे लिहून दिलंय? शनिवारी सकाळी दोघी पॅनकेक खायला जायच्या, अकराला कॉरिन तिथेच येऊन पोरीला घेऊन जायची. त्या हॉटेलाचं पार्किंग केवढं मोठं! चौथ्या शनिवारी तिनं पेटी उघडली. ऑपल अंथरुणातून उठून आली, डोळे चोळत तिच्या पोटाशी घुसायला लागली. पोरीचं डोकं बरोबर कमरेच्या उंचीला. नेल्डा झटकन तिरकी झाली आणि डाव्या हातानं तिला जवळ घेतलं.

"मीमॉ, तू मला अर्धीच मिठी मारलीस."

"पाठ धरलीये गं माझी."

"मग उरलेली अर्धी उधार. लिहून ठेव."

नेल्डा हसली, पण दिवसभर तिला ते खात राहिलं. खोटं बोलल्याचं नव्हे. आजी म्हटल्यावर पाठ धरणारच. खात राहिलं ते हे, की पोर जवळ येताना आपण आधी पोरीकडे नाही, कमरेकडे पाहिलं.

आणि मग तो मंगळवार. ती दुपारी त्याच जागी गाडीत बसली होती, नवा चष्मा डोळ्यांवर. दोन गाड्या सोडून एक गाडी येऊन थांबली. तिच्या गाडीसारखीच चंदेरी, त्याच बनावटीची, मागच्या काचेवर तिच्यासारखाच शाळेचा स्टिकर. शेजारच्या दंतवैद्याकडून एक बाई गालाला हात लावून बाहेर आली, मागचं दार उघडून आत आडवी झाली आणि गाडी निघून गेली. पुढच्या सीटवर टोपीवाला कुणी होता का? असेल. नसेल. अंतरावरचे चेहरे तिला हल्ली नीट दिसत नव्हते. पण तिला कळायचं ते कळलं. बिचाऱ्याची गाडी चुकली होती. हार्लन बरोबर होता, नेहमीप्रमाणे मेल्यावरसुद्धा बरोबर. हे सगळं खरं म्हणजे तिथेच थांबायला हवं होतं. कुणीही शहाणं माणूस हसलं असतं, घरी जाऊन ते लोढणं विकून आलं असतं. नेल्डाला मात्र काही हिसकावून घेतल्यासारखा संताप आला. इतकी मेहनत, इतके कपडे, भिंगं, पोटावरचे चट्टे, शिकलेला हात; आणि समोर कुणी नाहीच? तशीच ती गाडी चालू करून ऑर्व्हिलकडे गेली.

"चाप जड लागतो," ती म्हणाली. "बोट थरथरतं. हलका करून द्या."

"किती हलका?"

"मला जाणवणार नाही इतका."

ऑर्व्हिलनं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. तो चष्मा तिनंच बसवलेला. "मिस नेल्डा, चाप जड ठेवतात तो उगीच नाही. माणसाचा विचार बदलायला तेवढीच सवड मिळते. तुमच्या बोटाची गोष्ट समजतो मी, देतो करून. पण आजपासून बोट आत गेलं म्हणजे गेलं, बघतेय-बिघतेय काही चालायचं नाही. समजलं?"

"मी काय लहान आहे?"

"लहानांना मी विकतच नाही," तो म्हणाला आणि कामाला लागला.

त्या शनिवारी हॉटेलात गर्दी होती. दोघींना खिडकीशी टेबल मिळालं. ऑपलला तोंडावर मलईचे डोळे काढलेला पॅनकेक हवा होता, नेल्डाला बिस्किटं, म्हणजे भट्टीतून निघालेले गोल पाव, आणि पांढरी ग्रेव्ही. ऑर्डर देऊन नेल्डा बायकांच्या स्वच्छतागृहात गेली, टेबलावरून ते दार समोरच दिसत होतं. आत तीन संडास. ती पहिल्यात शिरली. पट्टा सोडला की वजनानं सगळं खाली ओढलं जातं, म्हणून तिनं नेहमीसारखं कव्हरसकट पिस्तूल काढून भिंतीवरच्या कागदाच्या डब्यावर ठेवलं. बाहेरून ऑपल ओरडली, "मीमॉ, आलं! गरम आहे! मी डोळे खाऊ का आधी?" आणि "थांब, आले," म्हणत नेल्डा घाईघाईनं हात धुऊन बाहेर आली.

बिस्किटं खुसखुशीत होती. ऑपल दुधाच्या मिशा घेऊन बोलत होती, वर्गातला कुणी मुलगा गोगलगाय खिशात घेऊन येतो आणि बाईंना कळतच नाही. नेल्डा ऐकत होती आणि हळूहळू तिला एक विलक्षण आराम वाटू लागला. ती पुढे झुकली. काही रुतलं नाही. मागे रेलली, बरगडीला काही लागलं नाही. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा ती खुर्चीत माणसासारखी बसली होती. गिऱ्हाइकांना ती नेहमी सांगायची, "चष्मा आहे हे विसरलात की समजा चष्मा बसला." आज ते घडलं होतं. पिस्तूल अंगाला बसलं होतं. ती स्वतःवरच खूश झाली, तिनं आणखी कॉफी मागवली, आणि ऑपल "मी जाऊन येते, एकटी जाते, सात वर्षांची आहे मी," म्हणाली तेव्हा तिनं लाडानं मान डोलावली. पोर त्या दारातून आत गेली. नेल्डानं बिस्किटाला जाम लावला. बाहेर ऊन पडलं होतं, गाड्यांच्या टपांवर चकाकत होतं, अकराला दहा कमी होते, कॉरिन येईलच. तिनं बिस्किटाचा तुकडा तोंडात टाकला, सवयीनं कोपर कमरेशी टेकवलं, आणि कोपर मऊ पोटात गेलं.

खुर्ची मागे पडली, ते तिनं ऐकलं. कुणीतरी "सांभाळून" म्हणालं. तोंडातला घास तसाच होता. दार ढकलून ती आत गेली. पहिल्या संडासाचं दार अर्धवट उघडं, आणि डब्यावर, जिथल्या तिथे, पिस्तूल. तिनं ते उचलून छातीशी धरलं. देवा, देवा, देवा. कुणी पाहिलं नाही. कुणी हात लावला नाही. बेसिनची कड धरून ती एक क्षण उभी राहिली, आणि मग तिच्या लक्षात आलं की इथे कुणीच नाही. "ऑपल?" उत्तर नाही. मधलं दार सताड उघडं, आत कुणी नाही. शेवटचं बंद. ती गुडघ्यावर बसून वाकली. बंद दाराखाली फरशी, पाण्याचा ओघळ, आणि पाय नाहीत. "ऑपल!" बाहेरचं दार किलकिलं करून तिनं टेबलाकडे पाहिलं. पडलेली खुर्ची, दोन बशा, आणि कुणी नाही. दार परत लागलं. आतून बंद संडास आणि पाय नाहीत. म्हणजे कुणीतरी पाय वर घेऊन बसलंय. कुणीतरी लपलंय. आणि पोर त्याच्याजवळ आहे, त्यानं तिचं तोंड दाबलंय. चार स्वच्छ नखं तिला पोरीच्या तोंडावर दिसली, इतकी स्पष्ट की त्यानंतर विचार असा काही उरलाच नाही. हात आपणहून निघाला. शंभरदा, हजारदा केलेलं ते सगळं बिनचूक झालं. कव्हर खाली पडलं, दोन्ही हात लांब झाले, आणि नव्या चष्म्यातून केशरी ठिपका त्या करड्या दारावर लख्ख, सुईसारखा येऊन थांबला. तिला आपल्या बोटाखाली चाप जाणवत नव्हता. तिनं मागितलं होतं तसंच.

"सोड तिला," ती म्हणाली. आवाज तिचा नव्हता. "सोड, नाहीतर झाडते."

दारामागे कुणीतरी नाक ओढलं. बारीक, ओलं.

"मीमॉ?"

केशरी ठिपका दारावरून हलला नाही.

"मीमॉ, तू पळ," दारामागून कुजबुज आली. "इथे बंदूकवाला आहे. मी त्याची बंदूक पाहिली, त्या तिथल्या डब्यावर. मी हात नाही लावला. तो न्यायला परत येईल. तू पळ, आणि पोलिसांना सांग."

तेव्हा तिला उमगलं. मागे एकदा ऑपलनं स्वयंपाकघरातल्या स्टुलावर उकिडवं बसून तिला दाखवलं होतं, शाळेत बंदूकवाला शिरला तर काय करायचं ते असंच शिकवतात. आत शिरायचं, कडी लावायची, वर चढायचं, पाय दिसू द्यायचे नाहीत, नाव घेऊन हाक मारली तरी ओ द्यायची नाही. नेल्डा तेव्हा हसली होती, बेडकासारखी दिसतेस म्हणाली होती. आता तिनं बोट चापावरून काढायला घेतलं आणि बोट ऐकेना. डाव्या हातानं तिनं ते उजवं बोट धरलं आणि केसाकेसानं सरकवत बाहेर काढलं. पोरीची छाती त्या पत्र्यापासून किती लांब असेल? वीतभर. मग तिनं पिस्तुलाचं तोंड जमिनीकडे केलं.

सांगता आलं असतं. तो येऊन गेला, घेऊन गेला आपली बंदूक, आता कुणी नाही, चल बेटा. पोरीनं मान्य केलं असतं, कॉरिनही एकदा चिडून गप्प झाली असती, आणि पुढच्या शुक्रवारी दप्तर आणि उशी दारात आली असती. वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. पण आत खसखस झाली, दोन छोटे बूट दाराखाली अलगद टेकले, आणि दार आणि खांब यांच्यामधल्या फटीत एक डोळा आला. ओला, तपकिरी, हार्लनचा डोळा. तो तिच्या चेहऱ्याकडे पाहत होता, मग तिच्या हाताकडे गेला आणि तिथेच थांबला.

"ती माझी आहे, ऑपल," नेल्डा म्हणाली. रडू तिच्या शब्दांत मिसळलं होतं. "बंदूकवाला कुणी नाहीये गं. मीच आहे. तुझी मीमॉ. उघड दार, राणी."

डोळा फटीतून नाहीसा झाला. मग दाराखालचे ते दोन बूट, एक, आणि त्यामागून दुसरा, पुन्हा वर उचलले गेले.